गुरुग्रामहून आलेली शिफारस

कर्नाटकातल्या गणेशगुडीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका दादांच्या अंगी 'स्ट्रॅटेजिक लीडरशिप' असल्याचं नुकतंच सिद्ध झालं. सिद्ध केलं गुरुग्रामच्या एका गृहस्थांनी, अंगठ्याने, बहुधा मेट्रोत उभ्याउभ्या. गृहस्थांनी जोयडा तालुका पाहिलेला नाही, काळी नदी पाहिलेली नाही, दादांना तर नाहीच नाही. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला लोक हसायचे. हल्ली एमबीए झालेले उठवतात आणि वर त्याला 'एंडोर्समेंट' म्हणतात.

छोट्या धंदेवाल्यांनी ऑनलाइन व्यावसायिक ओळखी वाढवाव्यात, असं सांगणारी कार्यशाळा तुमच्याही गावात होऊन गेली असेलच. दादांनी ती मन लावून ऐकली. कोट उसना आणून फोटो काढला, नावाखाली 'फाउंडर' लिहिलं आणि शिफारशींचा पाऊस सुरू झाला. नाशिकच्या एका विमा सल्लागाराने त्यांचं 'टीम बिल्डिंग' प्रमाणित केलं. टीम म्हणजे वहिनी, धाकटा भाऊ आणि रात्री गव्यावर भुंकणारा कुत्रा. इंदूरच्या कुणी 'कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट'ची ग्वाही दिली. तो मान खरं तर वहिनींचा. दादा उपकार ठेवून घेणारे नव्हेत. त्यांनी गुरुग्रामवाल्यांना उलट 'ब्लॉकचेन'मध्ये पास करून टाकलं. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे दादांना ठाऊक नाही, आणि माझा संशय असा की गुरुग्रामवाल्यांनाही नाही. अशाने उद्या जगलबेटच्या पानवाल्याला 'रिटेल ट्रान्सफॉर्मेशन' येईल, रामनगरच्या पंक्चरवाल्याला 'क्रायसिस रिस्पॉन्स', आणि जोयड्याच्या कंदमेळ्यात मुडली, नागरकोन, काटेकणगी मांडून बसलेल्या कुणबी मावशींना 'सस्टेनेबिलिटी'. देणारा कोण, तर दहाव्या मजल्यावर बाटलीतलं पाणी पिणारा. मावशींनी जन्मात विकतचं खत टाकलेलं नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसेल.

आता याच मावशींच्या बाजारातली शिफारस बघा. कंद घशाला खाजला, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळतं, आणि 'घे गो, चांगला असा' म्हणणाऱ्या शेजारणीलाही दोन शब्द ऐकावे लागतात. दादांचंच घ्या. नाताळात त्यांच्या खोल्या भरल्या, की आलेलं गिऱ्हाईक ते पुढच्या घरी धाडतात. तिथे अंथरुणात ढेकूण निघाले, तर हुबळीचा तो माणूस दादांनाच फोन करून शिव्या घालतो. म्हणून दादा दहादा विचार करून धाडतात. गुरुग्रामवाल्यांना कुणी शिव्या घालणार आहे का? ज्या शिफारशीपायी शिफारस करणाऱ्याचं काहीच बुडत नाही, तिची किंमत मी एका चहाचीही धरणार नाही. ज्यांना कंपन्यांच्या सहली हव्यात, त्यांनी त्या ऑनलाइन ओळखींच्या साइटवर जरूर जावं. सहली ठरवणारी मंडळी दिवसभर तिथेच पडलेली असतात. पण मुडली विकत घेणारं माणूस तिथे नाही. ते बेळगाव, गोव्याकडून पिशवी घेऊन येतं.

आणि कार्यशाळावाल्यांनो, हे सगळं कुठे शिकवताय? सुपा धरण १०१ मीटर उंचीचं. त्याच्या पाण्याखाली जुनं सुपा गेलं, म्हणून तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. धरणाची वीज राज्यभर गेली आणि जंगलातल्या कित्येक वाड्या पिढीभर चिमणीच्या उजेडात बसल्या. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची वेळ येते, कारण पुढच्या रस्त्याच्या परवानगीचा कागद कुठल्या तरी टेबलावर दबलेला असतो. त्या टेबलावरच्या साहेबांचं 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट' किती जणांनी प्रमाणित केलंय, ते एकदा बघाच! रस्ता मागणाऱ्याला तुम्ही 'पर्सनल ब्रँड' देता, आणि वर चहा-बिस्किटाच्या फोटोखाली 'ग्रामीण उद्योजकतेला बळ' असं छापून आणता. बळ द्यायचं असेल, तर आधी पावसाळ्यात टिकेल असा एक साकव द्या. कंद डोक्यावर घेऊन नाला ओलांडणाऱ्या बाईला तुमचा 'व्हॅल्यू प्रपोझिशन' चाटायचाय?

असो. दादांना परवा नवीन निरोप आला: या आठवड्यात काही लोकांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं, कोण ते जाणून घ्यायचं असेल तर महिन्याची वर्गणी भरा. दादा खो-खो हसले. त्यांच्या कुंपणावरून कोण डोकावून गेलं, हे शेजारची काकी फुकट सांगते, आणि तो कशासाठी आला होता, कुणाचा जावई, आणि मागच्या वेळी कुणाचे पैसे बुडवून गेला होता, तेही.