शून्य शुल्काचे चार टक्के

आंबिवली स्टेशनबाहेर मेथीची जुडी वीसला की पंचवीसला यावर जो माणूस लोकल सुटेपर्यंत भांडतो, तोच दुबईच्या मॉलमध्ये यंत्रावर कार्ड टेकवताना चकार शब्द काढत नाही. यंत्र पीप करतं, हा समाधानाने हसतो आणि बायकोला म्हणतो, "बघ, झालं!" झालंच असतं. काय झालं ते महिनाअखेरीच्या स्टेटमेंटात येतं, आणि स्टेटमेंट कोण वाचतं?

आमच्याकडे आता परदेश घरोघरी आलाय. मोहन्याच्या एनआरसी कारखान्याला 2009 साली टाळं लागलं, तेव्हापासून इथल्या पोरांनी पगार बाहेरच शोधला. कोणी बेलापूरला, कोणी अंधेरीला, कोणी सरळ दोहाला. आता त्यांचे आईबाप पहिल्यांदा पासपोर्ट काढून निघतात. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता फुकट. सोबत चकल्या, थेपले, मधुमेहाच्या गोळ्या आणि बँकेचं ते कार्ड, ज्यावर "जगभर चालतं" असं लिहिलेलं असतं.

चालत नाही. रिझर्व्ह बँकेने 2020 साली नियम केला की नवं कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानापुरतंच उघडं राहील. परदेशासाठी ते ग्राहकाने स्वतः चालू करायचं. नियम चांगला आहे, चोरांना अडवतो. पण काकांना तो बँकॉकच्या काउंटरवर कळतो, मागे पंधरा माणसं उभी असताना. मग अ‍ॅप उघडायचं. अ‍ॅप ओटीपी मागतं. आणि ओटीपी त्या सिमच्या फोनवर येतो जो "रोमिंग महाग पडतं" म्हणून आंबिवलीत टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलेत. ड्रॉवर इमानदारीने वाजत राहतो.

समजा हे सगळं पार पडलं. आता खरी मेख. यंत्र एक सभ्य प्रश्न विचारतं: पैसे रुपयात द्याल की इथल्या चलनात?

रुपयात! लगेच! परक्या मुलखात आपला रुपया दिसला की छाती फुगते. शिवाय आकडा समजतो. दिऱ्हॅम, बाट, युरो यांना मनातल्या मनात गुणत बसायला नको. याच सोयीचे पैसे लागतात. तुम्ही रुपया निवडलात की त्या दुकानाची बँक किंवा तिने नेमलेली मधली कंपनी स्वतःच्या मर्जीचा दर लावते आणि त्यातला वाटा बहुतेक दुकानदारालाही मिळतो. म्हणून तो सेल्समन तुमच्या वतीने परस्पर 'रुपये' दाबून मोकळा होतो. सेवाभाव! वर गंमत अशी, की व्यवहार रुपयात झाला तरी दुकान परदेशातलं आहे या कारणाने आपल्याकडच्या काही बँका त्यावरही शुल्क लावतात. म्हणजे तिकडे एकदा कापलं आणि इकडे पुन्हा. त्या यंत्रावर नेहमी स्थानिक चलनच दाबायचं. एवढं एक वाक्य सहल कंपनीने टोपी-बॅगेसोबत छापून दिलं असतं तर टोपी नसती तरी चाललं असतं.

स्थानिक चलन दाबलं म्हणजे सुटलो असंही नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपापला रोजचा दर संकेतस्थळावर जाहीर करतात आणि तो फार वाईट नसतो. त्यावर आपली बँक तिचं 'मार्कअप' चढवते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के. आणि त्या साडेतीनावर अठरा टक्के जीएसटी. समजा दिऱ्हॅम 24 रुपयांना आहे आणि तुम्ही हजार दिऱ्हॅमची खरेदी केलीत. चोवीस हजार झाले, त्यावर 840 रुपये मार्कअप, त्यावर 151 रुपये जीएसटी. 991 रुपये गेले, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. मेथीच्या जुडीवर वाचवलेले पाच रुपये गोळा करत बसलात, तर जवळपास दोनशे जुड्या निवडाव्या लागतील.

संयुक्त राष्ट्रांनी 2030पर्यंतचं एक उद्दिष्ट ठरवलंय: परदेशात राबणाऱ्या मजुराला घरी पैसे पाठवण्याचा खर्च तीन टक्क्यांच्या खाली यायला हवा. तीन टक्क्यांवर गेलं की ते जगाला लुबाडणूक वाटतं. आम्ही सुट्टीवर जाऊन चार टक्के देतो आणि वर रिवॉर्ड पॉइंट मिळाले म्हणून खूश होतो.

"पण आता यूपीआय आहे ना!" हे वाक्य आंबिवलीच्या रिक्षास्टँडपासून टिटवाळ्याच्या गणपतीच्या रांगेपर्यंत कुठेही ऐकू येतं. आहे. भूतानमध्ये 2021 पासून आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सिंगापूरच्या पेनाऊ या तशाच सेवेशी जोडणी झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येऊ लागलं, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशस झालं, मार्चमध्ये नेपाळ. अभिमानाची गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? फक्त टॉवरवरून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत क्यूआर शोधू नका. आमच्याकडे वडापावच्या गाडीवरचा डबा खणखणीत आवाजात पैसे मिळाल्याचं जाहीर करतो. पॅरिसमधला पाववाला अजून तुमच्या तोंडाकडे बघतो. आणि जिथे क्यूआर चालतो, तिथेही युरोचे रुपये कोणीतरी करतंच. इथे वडापाव देताना यूपीआय फुकट म्हणून तिथेही दर फुकट लागेल, असं कोणी कुठे लिहून दिलेलं नाही.

मग जाणकार सांगतात, फॉरेक्स कार्ड घ्या. घ्या. डॉलर भरलेत आणि खर्च बाटमध्ये केलात की डॉलरचे बाट करताना पुन्हा कात्री. परत आल्यावर कार्डात सतरा डॉलर उरतात. ते काढायला शुल्क, ठेवले तर कार्ड वापरात नाही म्हणून शुल्क. कल्याणच्या मनी चेंजरकडे नोटा मोडायला गेलात तर तो घेण्याचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा सांगतो. त्यावर सरकारही हजर: चलनबदलात हजार रुपये मोडले तरी सेवेचं मूल्य कमीत कमी अडीचशे धरायचं आणि त्यावर अठरा टक्के, म्हणजे 45 रुपये कर. उरलेल्या दोन-चार नोटा मोडण्यापेक्षा नातवाला खेळायला दिलेल्या बऱ्या.

सरकारचा विषय निघालाच आहे तर 2023चा मे-जून आठवा. 16 मेला अधिसूचना निघाली, की परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही वर्षाकाठच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजणार. म्हणजे त्यावर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, येणार. ओरड झाली. तीन दिवसांत खुलासा, सात लाखांपर्यंत नाही. जून संपता संपता आणखी एक खुलासा, क्रेडिट कार्डाचं सध्या राहूच दे. बाकीच्या वाटांनी सात लाखांहून जास्त पाठवणाऱ्या बहुतेकांवर मात्र ते वीस टक्के ऑक्टोबरपासून लागलेच. पुढे सवलतीची मर्यादा एप्रिल 2025 पासून दहा लाख झाली. हा कर विवरणपत्रात परत मागता येतो, पण विवरणपत्र भरणाऱ्या पुतण्याला ते सांगावं लागतं. आमच्याकडे पुतण्याला "दुबईला किती खर्च झाला" हे सांगण्यापेक्षा वीस टक्के सोडून देणारे लोक आहेत.

उलट्या दिशेचीही तीच तऱ्हा. चाळीतला पोरगा घरी बसून अमेरिकेतल्या कोणासाठी लोगो काढतो. पैसे पेपॅलने येतात. ते डॉलर म्हणून साठवायचे आणि दर चढला की मोडायचे, असा शहाणपणा त्याला करता येत नाही. ते रुपये होऊन बँकेत जाऊन पडलेच पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने 2010 साली अशा व्यवहाराला पाचशे डॉलरची मर्यादा घातली होती, ती वाढत 2013 पर्यंत दहा हजारांवर आली. 2021च्या एप्रिलपासून पेपॅलने देशांतर्गत धंदाच बंद केला. आणि देशात येणाऱ्या प्रत्येक डॉलरला दारात विचारतात, काय काम काढलंत? त्याला पर्पज कोड म्हणतात. मुलाने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठवलेले पैसे म्हणजे पी 1301, कुटुंबाचा चरितार्थ. आई म्हणते, "मेला पैसे पाठवतो, पण स्वतः येत नाही." त्याला कोड नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये देशात आलेल्या अशा पैशातला सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा, साडेवीस टक्के. केरळ दुसरा. म्हणजे दरातल्या कात्रीला सर्वाधिक कापडही आम्हीच पुरवतो.

जुने दिवस बरे होते, असं म्हणायचा मोह होतो, कारण एके काळी दुबईत आपलाच रुपया चालायचा. खरंच चालायचा! सोन्याची चोरटी आयात फार झाली म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिथल्या बहुतेक अमिरांनी रुपयाला सलाम ठोकला. डॉलर 4.76 वरून एका फटक्यात साडेसात रुपये झाला होता. डिसेंबर 2025 मध्ये तो नव्वदीपार गेला. त्या अमिरांच्या नातवंडांना आजोबांच्या व्यवहारज्ञानाचा अभिमान वाटत असणार.

त्याहून जुनं पाहायचं तर कसाऱ्याची लोकल पकडा, पुढे घाट चढून नाशिकला उतरा आणि पांडवलेण्यांत जा. दहाव्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. जावयाने सत्तर हजार कार्षापणांचं दान दिलं. आणि लेखात काय कोरलंय? एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या दराने ते दोन हजार सुवर्ण होतात. विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेवरचं व्याजही तिथेच आहे, एका ठेवीवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर पाऊण. दर, रक्कम, व्याज, सगळं ढळढळीत, कातळात. तारांकित अटी नाहीत. फिकट राखाडी अक्षर नाही.

त्या काळात लबाडी नव्हती असं समजू नका. तेव्हाचा एक ग्रीक व्यापारी 'पेरिप्लस' या सागरमार्गाच्या पुस्तकात लिहून गेलाय, की भडोचला परदेशी सोन्याचांदीची नाणी घेऊन जा, तिथल्या पैशात मोडताना फायदा होतो. आणि आपल्या कल्याणबद्दल लिहितो, की पूर्वी हे रीतसर बंदर होतं, आता अडचण आहे, इथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दारात आलेलं आणि नाणी मोडण्याचा फायदा गुजरातेत! कल्याण-डोंबिवलीकरांनी यावर मोर्चा काढायला दोन हजार वर्षं उशीर केलाय, पण वेळ गेलेली नाही.

उषवदातासारखं दर उघड सांगणं आजही जमतं. युरोपीय संघाने 2020च्या एप्रिलपासून त्यांच्या सदस्य देशांमधल्या चलनांसाठी सक्ती केली: कार्डाच्या यंत्राने चलन बदलून देताना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेतंय, हा आकडा पैसे द्यायच्या आधी दाखवायचा. आकाश कोसळलं नाही, दुकानं चालू आहेत. आमच्याकडे तोच आकडा शोधायला ग्राहकाने शुल्कपत्रकाच्या पीडीएफमध्ये शिरायचं, तळटीप गाठायची, तिथे "लागू असल्यास" वाचायचं, मग ग्राहकसेवेला फोन लावायचा आणि मराठीसाठी तीन दाबायचं. तीन दाबल्यावर हिंदी सुरू होतं. तेवढ्यात दुबईहून आणलेला शर्ट घट्ट होतो म्हणून काकांनी तो भावाच्या हाती परत पाठवलेला असतो, परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, मार्कअप बँकेकडेच राहतं, आणि काकू विचारतात की शर्ट गेला, पैसे आले, तर मग मधले नऊशे रुपये कोणाच्या अंगात बसले?