पेस्ट वाळली आणि मी सरसावलो

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की आमची ही निमूटपणे सोफ्यावरचे अभ्रे काढून ठेवते. या वेळी निमित्त कॉम्प्युटरचं होतं. 2019 साली घेतला तेव्हा तो इतका शांत की चालू आहे की बंद, हे दिव्याकडे बघून ठरवावं लागे, आणि आता सोसायटीच्या मेन्टेनन्सचा साधा हिशेब उघडला तरी पंखा असा घोंघावायचा की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "एवढ्या रात्री काय दळताय हो?"

भाच्याला फोन लावला. "मामा, तापमान किती दाखवतंय?" म्हणाला. मी थर्मामीटर शोधायला उठलो.

पोरगं सोशिक. त्यानं समजावलं, की प्रोसेसर आणि त्याच्यावर बसवलेला हीटसिंक कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात, तिथे हवा अडकते आणि हवा उष्णता वाहून न्यायला अगदीच कुचकामी; म्हणून सुतार लाकडाच्या भेगांत लांबी भरतो तशी मध्ये थर्मल पेस्ट भरतात. बहुतेकदा सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइडसारखी पूड कालवलेली असते. पण रोज तापून-निवून धातू फुगतात, आकसतात आणि पेस्ट मधून कडेला सरकते. तेलही हळूहळू सुटतं आणि मागे उरतो कोरडा भुगा. मग प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. हे ऐकून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. ऑफिसात मीही तेच करतो.

"उघडायच्या आधी थोडा वेळ चालव, पेस्ट मऊ पडेल, मग हीटसिंक हलके हलके फिरवून सोडव," असं त्यानं बजावलं होतं. पण शॉकच्या भीतीनं मी आदल्या रात्रीच प्लग काढून ठेवलेला, त्यामुळे सगळं थंडगार. फिरवायचं विसरून मी दोन्ही हातांनी सरळ वर ओढलं, आणि हीटसिंकबरोबर त्याला चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटातून उपटून आला. एएम4 जातीच्या प्रोसेसरला खाली 1331 पिना असतात. त्यातल्या काही मला नमस्कार करत होत्या.

हिचा चाळिशीचा चष्मा लावून, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं त्या एकेक उभ्या केल्या. पिना सरळ झाल्या, मान अजून झालेली नाही. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायला सांगितलं होतं. पण घरात करोनातलं सॅनिटायझर पडून असताना पैसे कशाला घालवा? त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे थर सोडतं, हे नंतर कळलं, म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा पुसणं. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. 'पुरेल ना?' या आपल्या पिढीजात धास्तीपोटी मी अर्धी नळी पिळली. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी असली, तरी तांब्याच्या मानानं तिची वाहकता शंभरात एक-दोन हिस्सेच. थर जाड झाला की तीच आडवी येते. हीटसिंक दाबताच ती चारी बाजूंनी ओघळली: बोर्डावर, शर्टावर, पोळपाटावर. पोळपाट कशाला, असं हिनंही विचारलं. सपाट होता म्हणून.

सगळं जोडून चालू केलं. पंखा पुन्हा दळायला बसला.

तेव्हा हिनं मशीन बंद करायला लावलं, एक जुना रंगाचा ब्रश आणला आणि हीटसिंकच्या पात्यांमधून फिरवला. आतून धुळीची जाड गोधडी निघाली. मी इतका वेळ त्याचा तळवाच न्याहाळत होतो, पाठ पाहिलीच नव्हती. पंखा गप्प झाला. भाचा म्हणाला, "मामा, पेस्ट अजून चालली असती बहुतेक."

तेव्हा पंखा ओरडू लागला तर आधी धूळ झाडा. त्यानंही भागलं नाही, तर माझ्याकडे अर्धी नळी शिल्लक आहे, खुशाल घेऊन जा. फक्त लवकर या. उघडलेल्या नळीतही ती वाळते.