अथ अव्ययव्रत-विधी

हे व्रत कोणी करावे?

ज्यांचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसले आहे, ज्यांना ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’ असे भरजरी शब्द स्पेलिंगसकट येतात, पण समोरचा माणूस त्याच तीन अर्थांनी ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट आउट’ म्हणाला की जे नुसतेच हसून मान हलवतात, अशा सर्व स्त्रीपुरुषांनी करावे. वयाची अट नाही. सोयर-सुतक नाही.

प्रस्तुत लेखकाने हे व्रत एका अपघातानंतर घेतले. लंडनहून आलेल्या पाहुण्याला त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले की मी पुण्यातून पासआउट झालो, पुढच्या वर्षी माझा भाऊ त्याच कॉलेजातून पासआउट झाला आणि बहीण तर पहिल्या वर्गात पासआउट झाली. ‘पास आउट’ म्हणजे पदवी घेणे हा अर्थ आपल्याकडचा. पाहुण्याच्या गावी त्याचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे. त्याने चहाचा कप खाली ठेवून काळजीने विचारले, की कॉलेजात वायुगळती झाली होती का?

साहित्य

क्रियापदे पाच : गेट, पुट, टेक, गो, रन. बारीक आणि रोजच्या वापरातली घ्यावीत. लॅटिन कुळातली जाडजूड क्रियापदे या व्रताला चालत नाहीत. ‘रन’ जपून हाताळावे. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत.

अव्यये सात : अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर.

‘टु’ एक. हा सोवळ्यात वेगळा ठेवावा.

लाज मात्र घरी ठेवून यावे.

माहात्म्य

व्रत जुने आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत कबूल करून टाकले होते की क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही खोड आमच्या भाषेत फार आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. म्हणजे आपल्याला होणारा त्रास अधिकृत आहे. या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रुळले. बारसे उशिरा झाले, पण तोवर मूल घरभर धावत होते.

विधी पहिला : जोडी फोडू नये

‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, म्हणून ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे, अशी फोड करणाऱ्याचे व्रत तिथेच मोडते. ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. देणे-घेणे कुठेच नाही.

यावर कोणी म्हणेल, ही काय भाषा झाली? त्याने आधी घरात ऐकावे. ‘तो बोलून बसला’ या वाक्यात तो कुठे बसला? खुर्चीवर की सतरंजीवर? बोलून बसला, बोलून गेला, बोलून टाकले, बोलून दाखवले. चौघेही नुसते बोललेच आहेत. पण पहिल्याला आता पस्तावा होतोय, दुसऱ्याच्या तोंडून ते निसटले, तिसऱ्याचे ओझे उतरले आणि चौथ्याने मुद्दाम ऐकवले. हे सारे आपण बसणे, जाणे, टाकणे, दाखवणे या धडधाकट क्रियापदांना मूळ अर्थाचा राजीनामा द्यायला लावून साधतो. इंग्रज तेच काम एवढ्याशा ‘अप’कडून नाहीतर ‘ऑफ’कडून करून घेतो. ज्याला ‘बोलून बसला’ कळते, त्याला ‘गिव्ह अप’ कळायला हरकत नाही. फक्त फोड करू नये.

विधी दुसरा : ‘इट’ची जागा

‘पिक अप द फोन’ चालते, ‘पिक द फोन अप’ही चालते. पण फोनच्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो : ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ म्हटले की प्रायश्चित्त. मात्र ‘लुक आफ्टर’सारखी काही जोडपी मध्ये कोणालाच बसू देत नाहीत. तिथे ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे. हे विचित्र वाटले, तर ‘देऊनच टाक’ म्हणून पाहावे. आपला ‘च’ही जोडीच्या मधल्याच सीटवर बसतो, आणि त्याला तिथून कोणी उठवत नाही.

विधी तिसरा : ‘टु’ची पूजा

हा मुख्य विधी. सावकाश करावा.

‘टु’ म्हणजे ‘-आयला’ अशी गाठ शाळेत बसलेली असते. गाठ बरीचशी खरी आहे, फक्त आपण ती इंग्रजी बोलताना विसरतो. ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’ म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला, टपरीपाशी शोधावा. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने सिगारेट ओढणे थांबवले. घरी पेढे वाटावेत. ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’ म्हणजे आठवणीने कुलूप लाव. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. पहिले वाक्य दारात उच्चारायचे, दुसरे रिक्षा स्टेशनपाशी पोचल्यावर. अशा जोड्यांत ‘टु’ पुढच्या कामाकडे बोट दाखवतो, ‘-इंग’ झालेल्या किंवा चालू असलेल्या कामाकडे. मराठीत हा भेद आपण झोपेतही चुकत नाही.

‘लेट’पुढे ‘टु’ ठेवू नये, कारण आपणही ‘जाऊ दे’ म्हणतो, ‘जायला दे’ म्हणत नाही. ‘अलाउ’पुढे ठेवावा : जायला परवानगी दे. ‘मेक’ मात्र फसवे. आपण ‘मला भांडी घासायला लावली’ म्हणतो, म्हणून जिभेवर ‘टु’ येतो. इंग्रज त्याला गाळून ‘शी मेड मी वॉश’ म्हणतो. पण तक्रार कर्मणी प्रयोगात गेली, की ‘आय वॉज मेड टु वॉश’. जबरदस्ती करणारी व्यक्ती कर्त्याच्या पाटावरून उठली, की ‘टु’ परत येतो.

तोतया ‘टु’पासून सांभाळावे. ‘लुक फॉरवर्ड टु’मधला ‘टु’ हा तो नव्हेच. हे साधे शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याला पुढे नाम किंवा ‘-इंग’ लागते. ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असे लिहून पाठवलेल्या सर्व ईमेल इथेच परत घ्याव्यात. ‘यूज्ड टु’ची दोन रूपे आहेत. ‘आय यूज्ड टु वेक अप अर्ली’ : मी पूर्वी लवकर उठत असे. ‘आय ॲम यूज्ड टु वेकिंग अप अर्ली’ : मला लवकर उठायची सवय आहे. पहिला बोलणारा निवृत्त आहे, दुसरा दूधवाला.

एक सोवळे आता सुटले आहे. ‘टु’ आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषणाने पाऊल ठेवू नये, असा आग्रह कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली धरला होता. पुढच्या व्याकरणकारांनी त्याला फारसा आधार सापडत नाही असे म्हणून तो सोडून दिला. जाणाऱ्याला जाऊ द्यावे.

पथ्ये

‘कोप’ला ‘अप’ लावू नये. ‘कोप विथ’ पुरे. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘रिटर्न’मध्येच परत येणे आहे, त्याला ‘बॅक’ जोडून दोनदा आणू नये.

विरुद्ध अव्यये विरुद्धच अर्थ देतील अशी अपेक्षा धरू नये. फॉर्म ‘फिल इन’ केला काय आणि ‘फिल आउट’ केला काय, तो भरतोच. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो, गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो.

‘नॉक अप’ या जोडीला परदेशात हात लावू नये. इंग्लंडात तिचा एक अर्थ दार ठोठावून झोपेतून उठवणे असा आहे. अमेरिकेत तिने दिवस राहतात.

उद्यापन

इतके करूनही ‘अप’ म्हणजे वरच, असे मन म्हणत राहिले, तर मध्य रेल्वेवर जावे. तिथे मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघणारी ‘डाउन’. म्हणजे पुण्याहून बोरघाट उतरत येणारी गाडी अप असते आणि धापा टाकत घाट चढणारी डाउन. त्याच मार्गावर हजारो माणसे रोज ‘अप-डाउन करतात’. त्यांनी इंग्रजीकडून क्रियापद घेतलेच नाही, फक्त दोन अव्यये उचलली आणि त्यांना आपले ‘करणे’ जोडून दिले. त्यांच्यातल्या कोणालाही चढ-उताराचा प्रश्न पडत नाही.

गुरू करायचाच असेल, तर यांच्यापैकी एखादा करावा. सकाळच्या गाडीला भेटतो.