काड्या मोजणारे तात्या

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी पोचलं, की पाय धुवायला पाणी मिळायच्या आधी तात्या विचारतात, "किती काड्या दिसतायत रे?"

भिंती जाड चिऱ्याच्या. फायबरची तार ओटीपर्यंत आली आणि राऊटर तिथेच खुंटीला बसला. वेग हवा म्हणून तात्यांनी ५ गिगाहर्ट्झ धरलं. ते धावतं जोरात, पण चिऱ्यापुढे हात टेकतं; माजघराचा उंबरा काही ओलांडेना. मग एक्स्टेंडर आला. तो अर्ध्या वाटेवर, रेंज अजून धड असते तिथे लावायचा. तात्यांनी लावला बरोब्बर जिथे रेंज शून्य तिथे. ज्याच्याच घशाला कोरड, तो दुसऱ्याला काय पाणी पाजणार?

म्हणून दुसरा आणला. मग तिसरा.

आता या स्वस्तातल्या डबीला ऐकायला आणि बोलायला तोंड एकच. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा. ओटीवरचे १०० एमबीपीएस माजघरात ५०, स्वयंपाकघरात २५, आणि मागच्या पडवीत १२ उरले तर नशीब. पंगतीतल्या शेवटच्या पानाला आमटीचं नुसतं पाणी यावं, तसं. काड्या मात्र सगळीकडे भरगच्च! फोन जवळच्या डबीची रेंज दाखवतो. त्या डबीपर्यंत काय पोचलंय, हे त्याला कुठे ठाऊक? तात्यांना तर ते ऐकायचंच नाही. पडवीत व्हिडिओ गोल गोल फिरत असतो आणि तात्या समाधानाने म्हणतात, "फुल आहे."

वीज येते-जाते, हे आमच्याकडे रोजचंच. ती आली, की तात्या ओटीपासून पडवीपर्यंत एकेक डबी क्रमाने चालू करत जातात, सांजवात दाखवत फिरावं तसे. काकूंनी मिक्सरसाठी मधलीच एक उपटली, की मागचं निम्मं घर जगापासून तुटतं आणि वाटणाचा विषय निघतो.

गणपतीत मी म्हटलं, "तात्या, माळ्यावरून एक लॅन केबल ओढा, पलीकडे ॲक्सेस पॉइंट लावा, विषय संपला."

"वायरच ओढायची, तर त्याला वायरलेस कशाला म्हणायचं?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

त्याच रात्री काकू फोन घेऊन फणसाखाली, गडग्यापाशी उभ्या होत्या. मोबाइल डेटावर पुण्याच्या नातीशी बोलणं चाललं होतं. तात्या बॅटरी घेऊन मागोमाग गेले.

"अगं, इथे किती काड्या?"

"दोन. अहो, पण पोरीचे पडलेले दात दिसतायत बघा!"

तात्यांनी बघितलं नाही. त्यांनी बॅटरीचा झोत विहिरीवरच्या पंपाच्या पेटीवर टाकला आणि मला हाक मारली, "अरे, इकडे ये. इथे एक प्लग निघतो बघ."