टपाली स्वाक्षरीमीमांसा : कॅम्प नंबर एक ते कुळगाव

परदेशी फुटबॉलपटूची सही टपालाने मागवावी, ती यावी, आणि पाकीट फोडल्या क्षणापासून ती खरी की खोटी या विचाराने माणसाची झोप उडावी, हा विकार जगभर आढळतो. पण त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यासारखी प्रयोगशाळा दुसरीकडे नाही, असे आमचे नम्र मत आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला जातो. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन पडलेल्या, आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते ज्यांच्या वस्तीचे उल्हासनगर झाले, त्या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला, हे विनोद सांगणारा सोयीने विसरतो. असो. मुद्दा एवढाच की अस्सल आणि नक्कल यांतला भेद इथल्या पोराला बाराखडीआधी कळतो. शिवाय इथला दुकानदार जर्सी हातात देतानाच सांगतो, ‘फर्स्ट कॉपी आहे, धुतल्यावर तक्रार नाय.’ एवढा प्रामाणिकपणा युरोपातल्या कोणत्याही क्लबाने सहीचे कार्ड पाठवताना दाखवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ग्रंथारंभी अधिकारी कोण ते सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. या शास्त्राचा अधिकारी पुरुष चाळिशीच्या आसपासचा, बदलापूर लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी स्वतःला भाग्यवान समजणारा, आणि शाळा सुटल्यापासून चेंडूला पाय न लावलेला असतो. शनिवारी रात्री प्रीमियर लीगची मॅच संपली की तो पत्र लिहायला बसतो. मजकूर ठरलेला असतो. मी बारा वर्षांचा विद्यार्थी आहे, अंबरनाथ नावाच्या लहानशा गावात राहतो (२०११ च्या जनगणनेत या लहानशा गावाची वस्ती अडीच लाखांवर होती), आणि जन्मापासून फक्त तुमच्याच क्लबाचा भक्त आहे. हेच पत्र त्याच रात्री म्युनिक, डॉर्टमुंड, ट्यूरिन आणि लिव्हरपूल अशा चार ठिकाणी रवाना होते. मुलाच्या अक्षरातल्या पत्राला उत्तर लवकर येते असा या मंडळींचा समज असल्याने काही जण सातवीतल्या पुतण्याकडून पत्र लिहवून घेतात. मग सही आली की ती काकाची की पुतण्याची यावरून घरात महाभारत होते. पत्राची ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. निकाल देताना तिची गरज पडेल.

पत्रासोबत आपला पत्ता लिहिलेले परतीचे पाकीट जोडायचे असते. पण त्यावर आपले तिकीट लावून काय उपयोग? जर्मन टपालखात्याला गांधीजींच्या तिकिटाशी कर्तव्य नाही. त्यासाठी १९०६ च्या रोम येथील टपाल परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन निघाले. ते एका देशात विकत घ्यायचे आणि दुसऱ्या देशात त्याच्या बदल्यात तिकीट मिळवायचे. याच कूपनांच्या भावातल्या फरकाचे निमित्त सांगून १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ‘नव्वद दिवसांत दामदुप्पट’ अशी योजना काढली, हजारोंना बुडवले, आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक बुडव्या योजनेला त्याचेच नाव मिळाले. म्हणजे खरी सही आणणारे वाहन मुळातच बदनाम घराण्यातले.

आता आलेल्या सहीकडे वळू. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. न्यायदर्शनकार गौतम मुनींपुढे टपालाने आलेले कार्ड नव्हते. असते तर त्यांनी चारांवर थांबण्याचे धाडस केले नसते.

प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे खेळाडूला सही करताना डोळ्यांनी पाहणे. टपालाच्या बाबतीत ते व्याख्येनेच बाद. खरे तर प्रत्यक्ष हवे असेल त्याने महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून कोल्हापूर गाठावे. तिथे पाटाकडील आणि खंडोबा तालमींच्या फुटबॉल संघांची पोरे शाहू स्टेडियमबाहेर तुमच्या देखत, तुमच्याच पेनाने सही करून वर चहा पाजतील. (ही गाडी २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, पण दोष पावसाचा होता, फुटबॉलचा नव्हे.) त्याहून जवळ हवे तर अंधेरी आहे. जून २०१८ मध्ये तिथे भारत आणि चिनी तैपेईचा सामना मोकळ्या खुर्च्यांपुढे झाला, तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीला लोकांना हात जोडावे लागले होते की शिव्या द्यायला का होईना, पण मैदानावर या. आमच्या अधिकारी पुरुषाला मात्र अंधेरी लांब पडते आणि म्युनिक जवळ. समोर केलेली सही निःसंशय खरी असते, आणि संशयच नसेल तर अभ्यास कशाचा करायचा?

खरी मजा अनुमानात आहे. जिथे धूर तिथे अग्नी, तसे जिथे ठिपके तिथे छापखाना. जर्मन क्लबांत सहीची कार्डे पाठवण्याची जुनी चाल आहे. तळहाताएवढे गुळगुळीत कार्ड, त्यावर हाताची घडी घालून हसणारा खेळाडू, आणि त्याच्या छातीवरून पोटापर्यंत गेलेली निळी वळणदार रेघ. नुसत्या डोळ्यांना ती रेघ सलग दिसते. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एखाद्या सोनाराचे भिंग मागून घ्यावे, कार्ड दुकानाच्या दिव्याखाली तिरके धरावे आणि डोळा भिंगाला लावावा. रेघ जर रांगोळीसारखी निळ्या, गुलाबी, काळ्या ठिपक्यांत विस्कटली, तर ती सही नव्हे, सहीचा फोटो. सोनार तोवर ‘शेठ, हॉलमार्क कुठाय?’ असे विचारून घेतो.

ठिपके नसतील तर दुसरी पायरी. बॉलपेन कागदात रुतते, त्यामुळे कार्डाच्या पाठीवरून नख फिरवले की उंचवटा लागतो. मार्करची रेघ चकचकीत कागदावर उजेडात जांभळी झाक मारते, आणि जिथे एक रेघ दुसरीवरून गेली तिथे शाई गडद होते. छापील रेघेला वर-खाली काही नसते. या पट्ट्यात तिसरी परीक्षा फुकट होते ती पावसाने. जुलैत पोस्टमनच्या पिशवीतून आलेले पाकीट बहुधा भिजलेलेच असते. पण पावसाची साक्ष कोर्टात टिकणार नाही. फाउंटन पेनाची खरी सही पाण्याने फुटते, घरगुती इंकजेटवर छापलेली खोटी सहीही फुटते, तर मार्करची खरी आणि छापखान्यातली खोटी या दोन्ही जशाच्या तशा राहतात. म्हणजे पाऊस खऱ्याखोट्याला समान न्याय देतो. न्यायसंस्थेकडून एवढी अपेक्षा रास्त असली, तरी संशोधकाचे त्यात नुकसान होते.

यंत्राने केलेली सही या सर्व परीक्षांत उत्तीर्ण होते, कारण तिथे खरे पेन खऱ्या कागदावर खरोखर फिरते, फक्त धरणारा हात नसतो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन १८०४ पासून दोन पेनांचे जोडयंत्र वापरत. एक पेन ते चालवत आणि दुसरे आपोआप नक्कल काढी. पुढे यंत्राला जेफरसनचीही गरज उरली नाही. २०२२ मध्ये बॉब डिलनच्या ‘हस्ताक्षरित’ पुस्तकाच्या प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले तेव्हा सह्या यंत्राच्या निघाल्या. नोबेल मिळालेल्या माणसाला माफी मागावी लागली आणि पैसे परत झाले.

हाच प्रयोग अंबरनाथ स्टेशनाच्या पुलावर झाल्याची नोंद आमच्याकडे आहे. कॅम्प चारमधल्या एका कापडवाल्याकडे आणि बदलापूरच्या कुळगावातल्या एका कारकुनाकडे एकाच गोलकीपरची सही होती. दोघांनी कार्डे एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरली. रेघेवर रेघ तंतोतंत बसली. कापडवाला आनंदाने ओरडला, ‘साई, सेम टू सेम! म्हणजे दोन्ही ओरिजिनल!’ कारकून बँकेतला असल्याने त्यालाही ते पटले. दोघांनी वडापाव खाल्ला आणि आपापल्या दिशेने गेले.

इथे प्रस्तुत प्रबंधाचे मध्यवर्ती प्रमेय येते. हाताने केलेल्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. तंतोतंत जुळल्या, तर त्यांतली निदान एक खोटी. हस्ताक्षरतज्ज्ञ हेच सांगतात. पण बँकेचा नियम नेमका उलटा. वाकलेल्या बोटांनी पेन्शनच्या स्लिपवर सही करणाऱ्या आजोबांना खिडकीपलीकडून ‘काका, सही जुळत नाही’ असे ऐकवले जाते, आणि काका समोर हयात, देहाने हजर असूनही पुन्हा सही करतात, पुन्हा जुळत नाही. सही न जुळल्याने परत आलेला चेकही न वटलेलाच धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लक्ष्मी डायकेमच्या खटल्यात म्हटले आहे. सही मुद्दाम बदलून देणी बुडवणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने निष्कर्ष असा की जी सही बँक बिनतक्रार पास करील ती यंत्राची असण्याची शक्यता अधिक, आणि जी नाकारील ती माणसाची.

याला फुटबॉलमधूनच मोठा पुरावा मिळतो. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध माराडोनाने हाताने गोल केला, त्या सामन्यातली निळी जर्सी मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात ७१ लाख पौंडांना गेली. माराडोनाच्या मुलीने तेव्हाच हरकत घेतली की ही ती जर्सी नव्हेच, पूर्वार्धातली दुसरी आहे. लिलाववाल्यांनी जुने फोटो ताणून शिवणीचे बारकावे जुळवले आणि आपले म्हणणे रेटले. पण या जर्सीचा जन्म कसा झाला? अर्जेंटिनाकडे उकाड्यात चालेल अशी हलकी निळी जर्सी नव्हती. म्हणून ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून जर्सी विकत आणल्या, संघाचा बिल्ला घाईघाईत हाताने शिवून घेतला, आणि अमेरिकन फुटबॉलचे वाटावेत असे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जर्सीचे काम अगदी उल्हासनगरी पद्धतीने झाले. घाईच्या त्या शिवणीतल्या खोडीच तिची ओळख पटवायला उपयोगी पडल्या. कारखान्यातून सरळ आली असती, तर ती ओळखताच आली नसती.

उपमान प्रमाणाला फार वेळ देण्याची गरज नाही. इंटरनेटवरच्या नमुन्याशी आपली सही ताडून पाहायची, आणि तो नमुना खरा कशावरून, तर तो दुसऱ्या कोणाच्या सहीशी जुळतो म्हणून. याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

उरला शब्द, म्हणजे आप्तवाक्य. बाजारात सहीसोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळते, त्यावर चमकणारा होलोग्राम असतो आणि खाली एका तज्ज्ञाची सही असते. ही दुसरी सही खरी कशावरून? तिला तिसरे प्रमाणपत्र लागेल. हा अनवस्था दोष. आपण मराठी माणसे त्यात जन्मलो आहोत. मार्कशीटची झेरॉक्स खरी आहे हे सांगायला एकेकाळी राजपत्रित अधिकारी गाठावा लागे. अंबरनाथकरांचे बरे होते, आयुध निर्माणीतला कोणी साहेब शेजारी असायचा. पण तो साहेब खराच साहेब आहे, हे कोणी कधी तपासले? अमेरिकेत तर एफबीआयने नव्वदच्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. मालात बेसबॉलच्या चेंडूंवर मदर तेरेसांच्या सह्या निघाल्या. तेही कोणीतरी विकत घेतले असते. आपल्याकडेही पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया १७७६ मध्ये पुण्यात मारला गेला, तोवर कोकणात त्याच्यामागे माणसे उभी होती. भाऊसाहेब परत यावेत असे लोकांना फार वाटत होते, हेच त्याचे प्रमाणपत्र.

एक उपप्रश्न राहतो. पेले हे नावच टोपणनाव, कागदोपत्री एडसन अरान्तेस दो नासिमेन्तो. मग ‘पेले’ ही सही खरी कशी? आम्हा मराठी लोकांना यात अडचण नाही. कुसुमाग्रजांनी पुस्तकावर केलेली सही आम्ही देव्हाऱ्यात ठेवतो, आणि चेकवर वि. वा. शिरवाडकरच असायला हवे हेही आम्हाला कळते.

आता निकाल. छापील, यांत्रिक, क्लबातल्या कारकुनाने मारलेली आणि बाजारातल्या तोतयाची, अशा चारही जाती आमच्या पट्ट्यातल्या फायलींत सापडतात. बारा वर्षांच्या बनावट मुलाने चार क्लबांना लिहिलेल्या पत्राला बनावट सही आली, तर व्यवहार चोख झाला. कोणी कोणाचे देणे लागत नाही. क्वचित एखादी सही वाकडी येते, शेवटचे अक्षर कार्डाबाहेर जाते, शाई अंगठ्याने पुसलेली असते. ती जपावी.

संग्राहकांना एकच कळकळीची विनंती आहे. कार्ड आले की धावत जाऊन लॅमिनेट करू नका. प्लास्टिकखाली नखाला उंचवटा लागत नाही, मार्करची झाक दिसत नाही, आणि भिंगातून दिसते ती फक्त आपल्याच डोक्यावरची ट्यूबलाइट.