आमचे दशावतारी गुरुजी

आमच्या गुरुजींच्या वर्गात उशिरा येणाऱ्याला छडी नव्हती. त्याला फक्त पुन्हा बाहेर जाऊन यावं लागे. "हा काय प्रवेश झाला? उशीर झालेल्याच्या तोंडावर पश्चात्ताप हवा. तुझ्या तोंडात भजी आहे. जा, गिळून ये."

सिंधुदुर्गातल्या आमच्या शाळेत सातवीला इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं तेच शिकवीत आणि सगळं एकाच रीतीने: बाकडी भिंतीला, पोरं मध्ये. मूळ दुखणं दशावताराचं. जत्रा सुरू झाल्या की गुरुजी रात्री देवळापुढे राजा होऊन उभे राहत आणि सकाळी शाळेत हजर. डोळ्यांत काजळाची रेघ उरलेली दिसली की आज गणित होत नाही, हे आम्ही ओळखून असू.

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. तोंडं रंगवता रंगवता आख्यान ठरतं आणि मग बाकड्यावर बसलेला राजा आपल्या अकलेने बोलतो. तेच बाकडं सिंहासन, वेळ पडली तर तेच रथ. गुरुजींचं म्हणणं एवढंच, की बाकडी आपल्याला सरकारने दिलीच आहेत; मग पाठांतर कशाला?

आमचा पट पन्नासाचा. हवेचा धडा आला तेव्हा गुरुजींनी पात्रं वाटली. नायट्रोजन ७८ टक्के, म्हणजे ३९ पोरं. ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे साडेदहा. अर्धं पोर मिळेना म्हणून दहाच. उरलो मी एकटा. मला आर्गॉन दिला. राहिला कार्बन डायऑक्साइड, ०.०४ टक्के. त्याला अख्खं पोर द्यायचं तर पट अडीच हजारांचा हवा होता. गुरुजींनी माझ्या करंगळीच्या नखाला खडू फासला आणि म्हणाले, "हा तो. हा वाढला की पृथ्वी तापते. नख वाढवू नकोस."

नाटक सुरू झालं. दहा ऑक्सिजन खिडकीच्या गजांना मिठ्या मारून गंज लावत सुटले. एकोणचाळीस जण नुसते उभे. शेवटी त्यांच्यातला एक कुरकुरला, "गुरुजी, आमी काय करूचा?"

"काही नाही. उभं राहायचं."

"मगे आमचो उपयोग काय?"

"तुम्ही बाजूला झालात, तर हे दहा जण एका ठिणगीत गाव पेटवतील."

एकोणचाळीस छात्या एकदम फुगल्या. सहामाहीच्या पेपरात त्यातल्या एकाने लिहिलं, 'हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो पाय दुखेपर्यंत उभा राहतो.' गुरुजींनी पूर्ण गुण दिले.

माझं मात्र तोंड उतरलं होतं. आर्गॉनला कोणाशी संयोग नाही, कोणाशी बोलणं नाही. गुरुजींनी आढ्याच्या बल्बकडे बोट केलं. "त्याच्या आत कोण बसतो? तूच. कोणात मिसळत नाहीस, म्हणून तार जळून जात नाही." आमच्या शाळेत वीज बहुधा नसायची, तरी त्या दिवशी मी बल्बकडे नातेवाइकासारखं बघितलं.

पुरंदरच्या तहाला पस्तीस पोरं किल्ले झाली. १६६५ साली महाराजांना २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, १२ राहिले. पण जायला कोण तयार? कोंढाणा झालेला पोरगा तर "माका जावचा नाय" म्हणून गळा काढून रडला. गुरुजींनी पुस्तक उघडून दाखवलं, "अरे, दोन पानांचा प्रश्न आहे. १६७० साली तानाजी तुला परत आणतोय." हे रडणं बघून मिर्झाराजांचं मन द्रवलं, आणि संवाद आपल्याच अकलेने बोलायचे असल्यामुळे त्यांनी तेवीसच्या तेवीस किल्ले जागेवर परत करून टाकले. वर्गात जल्लोष. गुरुजी धावत दाराबाहेर गेले आणि हाजरीचा तक्ता गुंडाळून आत आले. "राजे, दिल्लीहून बादशहाचा खलिता!" तेव्हा कुठे इतिहास रुळावर आला.

या सगळ्यात पोर्शन मात्र मागे पडे. मार्च उजाडला तरी महाराज आग्र्यातच. हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि ते तरातरा वर्गात आले. नेमके त्याच क्षणी आम्ही एका पोराला टोपलीत बसवून दाराकडे नेत होतो.

"काय चाललंय हे? त्या टोपलीत काय आहे?"

"वा!" गुरुजी टाळी वाजवून म्हणाले, "फौलादखान अगदी वेळेवर!"

हेडमास्तर गोंधळले. पन्नास तोंडं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी घसा खाकरला, कोट ओढला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "पेटारे तपासा!"

"नाही सर," गुरुजी हळूच कुजबुजले. "तपासून तपासून तुमचे पहारेकरी आता कंटाळलेत. आज सोडून देतायत."

हेडमास्तरांनी क्षणभर विचार केला आणि हात हलवला. "जाऊ द्या." टोपली व्हरांड्यात गेली. १७ ऑगस्ट १६६६ ही तारीख मला कोणी पाठ करून घेतली नाही. ती त्या हाताच्या हालचालीत आहे.

गेल्या जत्रेला गावी गेलो. गुरुजी आता निवृत्त. रंगाच्या जागी डोळ्यांना चष्मा, आणि देवळापुढे पुढच्या रांगेत खुर्ची. मी नाव सांगणार, तोच म्हणाले, "अरे, आर्गॉन ना तू?"

मी पाया पडलो आणि शेजारी उभ्या बायकोची ओळख करून दिली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे तुझा संयोग झाला?"

"होय, गुरुजी."

"पात्र बिघडवलंस," असं म्हणून त्यांनी माझा हात पुढे ओढला आणि चष्मा सावरून करंगळीचं नख तपासलं.