सीटवर वडा पडला असता: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

या मार्गदर्शिकेचा लाभ घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात. कापडी सीटची चारचाकी, त्या सीटवर तेलाचा डाग आणि जवळपास एक तरी जाणकार माणूस. पहिली कर्जावर मिळते. दुसरी वीस-तीस रुपयांत होते. तिसरी फुकट येते, आणि जात नाही.

डाग अजून पडला नसेल तर तो पाडून घेणं सोपं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेमतेम 94 किलोमीटरचा, पण तेवढ्यातही आपल्याला भूक आवरत नाही. फूड मॉलवर वडापाव बांधून घ्यावा आणि “इथे कशाला बसायचं, गाडीतच खाऊ” असं म्हणावं. सीट फिकट बेज असेल तर उत्तम. मिसळ, फरसाण आणि चहा सोबत घेतल्याशिवाय ज्यांचा प्रवास सुरू होत नाही, अशा लोकांना पांढरट कापडाच्या सीटा विकणाऱ्याच्या धैर्याची मला कमाल वाटते. वडा वर्तमानपत्रात बांधलेला असेल तर आणखी बरं. छापील कागदात खायचे पदार्थ देऊ नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगून थकलं. पण कागद तेल पितो, तेल शाई सोडवतं आणि सीटवर बातमीचा एखादा तुकडा उलटा छापून मिळतो.

आता वडा पडला आहे. या क्षणी नवशिक्या जे करतो ते म्हणजे रुमाल काढून डाग जोरजोरात चोळणं. कृपया चोळू नका. चोळल्याने तेल जात नाही, पसरतं आणि खाली उतरतं. कापडाखाली फोम असतो, आणि फोमात शिरलेलं तेल सहजासहजी बाहेर येत नाही. रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो, तो याच पहिल्या अर्ध्या मिनिटात. वड्याचा चुरा चमच्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचलावा. मग टिशू पेपर डागावर ठेवून वरून नुसता दाबावा. उचलावा, कोरडी बाजू घ्यावी, पुन्हा दाबावा. टिपायचं आहे, पुसायचं नाही.

एवढ्यात मागच्या सीटवरून “पाणी टाक, पाणी!” असा आवाज येईल. आवाज वडीलधाऱ्यांचा असेल तर “हो, टाकतो” म्हणावं आणि टाकू नये. पाण्याचं आणि तेलाचं जमत नाही, हे शाळेत शिकलो. गाड्यांच्या सीटांचं कापड मात्र बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, आणि पॉलिएस्टरचं तेलाशी फार जमतं. पाण्याला जे कापड उभं करत नाही, तेच तेलाला घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे बाटलीभर पाण्याने वडा जिथल्या तिथे राहतो, वर पाण्याच्या कडेचा एक नवा डाग पडतो.

घरी आल्यावर टाल्कम पावडर घ्यावी. कॉर्नफ्लोअरही चालतं. डागावर चांगली जाड पसरावी आणि तासभर तरी तशीच राहू द्यावी, रात्रभर राहिली तर फारच छान. अजून न वाळलेलं तेल पावडरीच्या बारीक कणांत शोषलं जातं. तेल आलंय की नाही हे पाहायला चिमूटभर उचलून बोटांत चोळावी: कोरडी पावडर भुरभुरते, तेल प्यायलेली चिकट लागते आणि तिचे बारीक गोळे होतात. गोळे झाले की झटकून व्हॅक्युम करावं आणि नवी पावडर टाकावी. या काळात सोसायटीतलं कुणी ना कुणी काचेतून आत डोकावून “काय हो, सीटला घामोळं आलंय का?” असं विचारणारच. हसावं आणि काच वर करावी.

डाळीच्या पिठाची सूचनाही येईल. पीठ तेल शोषतं, यात वाद नाही. पण कापडाच्या विणीत अडकलेलं पीठ ओलं झालं की तिथे खळ तयार होते, आणि पुढे मुंग्यांना पत्ता सापडतो.

यानंतर साबण. भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब वाटीभर कोमट पाण्यात टाकून फेस करावा. साबणाचा रेणू लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो: एका टोकाने पाण्याला धरतो, दुसऱ्याने तेलाला, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या त्या दोघांना एका मांडवात आणतो. वाटीतलं पाणी ओतायचं नाही, नुसता फेस मऊ ब्रशवर घ्यायचा. डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे यावं, उलट गेलात तर डाग मोठा होतो. मग पिळलेल्या ओल्या फडक्याने साबण दोन-तीनदा टिपून काढावा. कापडात राहिलेला साबण धूळ ओढतो, आणि महिन्याभरात त्याच जागी काळपट डाग दिसला की आपण उगाच वड्याला दोष देतो. सीट भिजेल इतकं पाणी मात्र कधीच घालू नये. पुढच्या सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतात, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

साबणाबाबत एक सूचना फक्त वडेवाल्यांसाठी. वड्यात हळद असते. कपड्यांची पावडर किंवा खायचा सोडा लावलात तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर होतो. घाबरू नका, रक्त नव्हे. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की रंग बदलतं. साध्या ओल्या फडक्याने क्षार काढला की ते परत पिवळं होतं, आणि पिवळेपणावर ऊन हा खरा इलाज आहे. दार उघडं ठेवून थेट ऊन मिळेल अशी गाडी लावावी. दोन-तीन दुपारींत हळद फिकी पडते. तेल उन्हाने जात नाही, हे लक्षात ठेवावं.

आता जाणकाराचं दुसरं आगमन होतं. हातात बाटली असते आणि तोंडात “पेट्रोलने एका झटक्यात जाईल.” इथे मात्र विनोद थांबवतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे 40 अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून गाडीच्या तळाशी साचून राहते, आणि एखादी ठिणगी पुरते. डाग जाईलही, पण सोबत गाडी जाईल. जाणकाराला चहाला पाठवावं.

तेलाऐवजी ग्रीस लागलं असेल तर ते बहुधा सीटच्या खालच्या रुळांवरून आलेलं असतं. पडलेलं नाणं काढायला हात खाली घालतो, नाणं मिळत नाही, ग्रीस मिळतं, आणि तेच बोट सीटला पुसलं जातं. ग्रीस धातूच्या भुकटीने काळं झालेलं असतं आणि पावडरीला दाद देत नाही. आधी खरडावं. मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपावं. खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळ आग नसावी, आणि आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावं. कापडाचाच रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबावं.

पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. कोकणात जून ते सप्टेंबर ओली सीट वाळत नाही, तिला बुरशीचा वास लागतो, आणि वास काढायचं प्रकरण डागापेक्षा मोठं आहे. कोरड्या दिवसांतही वाळल्यावर डाग परत दिसेल. फोमात उतरलेलं तेल पाण्यासोबत वर येतं. पुन्हा पावडर, पुन्हा फेस.

शेवटी डाग जातो आणि वेगळीच पंचाईत होते. जिथे वडा पडला होता ती जागा बाकीच्या सीटपेक्षा उजळ दिसते, आणि गाडी घेतल्यापासून सीट धुतलीच नव्हती हे सगळ्यांना कळतं. अशा वेळी सीट कव्हर घालण्याचा मार्ग खुला आहे. आपल्याकडे नव्या सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद वर्षानुवर्षं न काढणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांना हसणारे आपण आता त्यांच्याकडे आदराने पाहू लागतो.

हेडरेस्टवरचा खोबरेल तेलाचा गोल हा वेगळा विषय आहे. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे ते नखाने खरवडता येतं. हा डाग सासऱ्यांचा असेल तर ते परत गावी जाईपर्यंत थांबावं. छतावर चिक्कीचे हात लागले असतील तर मात्र काहीच करू नये. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. भिजलं की सुटून खाली लोंबतं, आणि मग मागे बसलेल्यांना केस विंचरून बसावं लागत नाही.